वाचक विचारतात : ‘समूह शाळा’ म्हणजे आमची शाळा बंद होणार का?

या वेळची बरीचशी पत्रं कोकणातून आलीत आणि विषय जवळपास एकच आहे. शाळेत नाहीतर कॉलेजात अशी भाषा कानावर पडते की ऐकताना भारदस्त वाटते, पण घरी येऊन कोणी विचारलं की काय ठरलं, तर सांगता येत नाही. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, आज हेच.

प्रश्न : आमची वाडी देवगड तालुक्यात आहे. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, पट 11, शिक्षक दोन. मध्ये पालकांची मीटिंग झाली, तालुक्याहून साहेब आलेले. ते म्हणाले कमी पटामुळे मुलांना एक्सपोजर मिळत नाही, उपलब्ध संसाधनांचं इष्टतम नियोजन करून समूह शाळेच्या माध्यमातून मुलांना गुणवत्तापूर्ण शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात आणायचंय. सगळे गप्प. मागे माझ्या सासूबाई बसलेल्या, त्या उठल्या नि म्हणाल्या, “म्हंजे शाळा बंद करतलास काय, ता सांगा.” साहेब म्हणाले, आज्जी, बंद हा शब्द आपण वापरायचा नाही, हे सक्षमीकरण आहे. मग एक कागद फिरवला, सगळ्यांनी सह्या केल्या. आता आम्ही काय समजायचं?
– एक आई, देवगड तालुका

उत्तर : विचारायचं ते सासूबाईंनी विचारलं, आणि त्यांना उत्तर मिळालेलं नाही, हे आधी पक्कं धरा. शाळा बंद होणार का, याचं उत्तर हो, नाही, किंवा अजून ठरलेलं नाही, या तिघांपैकी एक असतं. सक्षमीकरण हे त्या प्रश्नाचं उत्तरच नाही.

आता समूह शाळा म्हणजे काय. या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी बोलल्या जातात आणि त्यामुळेच घोळ होतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात (यालाच एनईपी म्हणतात) शाळा संकुलाची कल्पना आहे. एक माध्यमिक शाळा घ्यायची, तिच्या पाच ते दहा किलोमीटरच्या परिसरातल्या खालच्या वर्गांच्या शाळा आणि अंगणवाड्या तिला जोडायच्या आणि शिक्षक, लॅब, लायब्ररी, खेळाचं सामान सगळ्यांनी मिळून वापरायचं. ही सूचना 1964-66 च्या कोठारी आयोगाने आधीच केली होती. यात वाडीतली शाळा वाडीतच राहू शकते, फिरतो तो चित्रकलेचा नाहीतर संगीताचा शिक्षक. दुसरी गोष्ट वेगळी. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले, त्यात नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्याजवळचं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली. पानशेतला मुलं गाडीने एका मोठ्या शाळेत जातात, तोरणमाळची शाळा निवासी आहे. म्हणजे पहिल्यात शिक्षक हलतो, दुसऱ्यात पहिलीतलं पोर हलतं. साहेब यातलं कुठलं बोलत होते हे तुम्हाला कळलं नाही, कारण त्यांनी ते सांगितलंच नाही. धोरणाच्या त्याच प्रकरणात शाळांचं सुसूत्रीकरण हाही पर्याय ठेवलाय, त्यामुळे “हे तर एनईपीतच आहे” एवढ्यावर तुम्ही निश्चिंत व्हायचं कारण नाही.

मला एक मनापासून वाटतं, 11 मुलांच्या शाळेचे प्रश्न खरे आहेत. चार इयत्ता, दोन शिक्षक, त्यातला एक ट्रेनिंगला नाहीतर मीटिंगला गेला की चारही वर्ग एकट्याकडे, आणि मुलांचे कबड्डीचे दोन संघ पण होत नाहीत. हे साहेबांनी असंच्या असं सांगितलं असतं, पलीकडच्या गावातल्या शाळेत काय जास्त मिळेल ते सांगितलं असतं, गाडी दाखवली असती, तर काही पालक हो पण म्हणाले असते. पालकांना समजणार नाही असं धरून चालणं हा त्यांचा अपमान आहे आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

आता काय करायचं ते. पहिलं, सही केलेल्या कागदावर वर काय लिहिलं होतं ते बघा, मीटिंगची हजेरी होती की संमती. मुख्याध्यापकांकडे त्याची प्रत लेखी मागा. नाही मिळाली तर माहितीचा अधिकार आहे, 2005 चा कायदा, अर्जाला 10 रुपये, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरं, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका, आणि शाळेचा विकास आराखडा ही समिती करते. म्हणजे मागे बसून ऐकायची ही जागाच नाही, तुमच्याच समितीची बैठक बोलवा आणि प्रश्न ठरावात घाला.

प्रश्न असे घाला की उत्तर देताना मोठे शब्द वापरताच येणार नाहीत. कुठली शाळा? पायवाटेने किती अंतर? राज्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर हे अंतर धरलेलं आहे, आणि केंद्राच्या आदर्श नियमांत असंही आहे की डोंगराळ भाग, दरड, पूर, रस्ता नसणं असा धोका असेल तर हे अंतर कमी धरायचं. हे आपल्याकडे फार महत्त्वाचं आहे कारण नकाशावर दीड किलोमीटर दिसतं आणि मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा असतो, जुलैत साकवावरून, म्हणजे छोट्या पुलावरून पाणी गेलं की तोच रस्ता बंद. मग विचारा गाडी कोण देणार, पैसे कुठल्या खात्यातून, गाडी आली नाही त्या दिवशी मुलांची गैरहजेरी लागणार का, पहिलीतल्या मुलाबरोबर गाडीत कोण मोठं माणूस असेल, आणि नवीन शाळा नाही पटली तर परत यायला ही शाळा शिल्लक असेल का. शेवटचा प्रश्न विसरू नका. ग्रामसभेत पण हेच मांडा. आणि सासूबाईंना घेऊन जा.

प्रश्न : मी खेडजवळच्या एका कॉलेजात एफवायबीएला ऍडमिशन घेतलंय. फॉर्मवर मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असं सगळं होतं, सरांनी सांगितलं की हे मल्टिडिसिप्लिनरी आहे आणि मला माझा लर्निंग पाथ स्वतः डिझाइन करायचाय. मी मैत्रिणीने भरलं तेच भरलं. हे सगळं नुसतं बोलायचं आहे का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही ग, फॉर्मवरची नावं पोकळ नाहीयेत. नावं इंग्रजी आणि आखूड आहेत म्हणून भीती वाटते, पण प्रत्येकामागे तास आणि मार्क आहेत. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजात ही रचना 2024-25 पासून आली. मेजर म्हणजे तुझा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा, ओई म्हणजे दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, व्हीएससी आणि एसईसी कौशल्याचे, एईसी भाषेचा, व्हीईसी मूल्यशिक्षणाचा म्हणजे पर्यावरण, संविधान वगैरे, आयकेएस भारतीय ज्ञानपरंपरा, सीसी म्हणजे एनएसएस, खेळ, सांस्कृतिक असं. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचा 30. तीन वर्षांत 120 ते 132 क्रेडिट झाले की पदवी.

पोकळ आहे ते “तुझा पाथ तू डिझाइन कर” हे वाक्य, जर कॉलेजात ओईला एकच विषय चालू असेल तर. म्हणून ऑफिसात जाऊन विचार की यादीतले कुठले विषय या वर्षी खरंच शिकवले जाणार आहेत, कोण शिकवणार, पेपर मराठीतून लिहिता येतो का, आणि विषय बदलायची शेवटची तारीख काय. आजच जा, तारीख निघून गेली की काही करता येत नाही.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या तपासणीची तयारी चालू आहे. आयक्यूएसीकडून, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून सीओ-पीओ मॅपिंगची (पेपरचे आउटकम पूर्ण अभ्यासक्रमाच्या आउटकमशी जोडायची) एक्सेल शीट आली, प्रत्येक पेपरचे कोर्स आउटकम लिहायचे, क्रियापदं ब्लूमच्या तक्त्यातलीच हवीत, मग प्रत्येक चौकटीत दोघांचा संबंध किती घट्ट ते 1, 2 किंवा 3 असं भरायचं. कवितेच्या पेपरला मी लिहिलं “विद्यार्थ्यांमधील काव्यात्म जाणिवांचे संवर्धन करून सर्जनशील अभिवृत्ती विकसित करणे” आणि ते लगेच पास झालं. शेजारच्या मॅडमनी मागच्या वर्षीची शीट कॉपी केली, ती पण पास झाली. मला रात्री झोप लागली नाही. मला तासाचे पैसे मिळतात, या कामाचे मिळत नाहीत ते वेगळंच. यात खरंच काही अर्थ आहे का?
– एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, झोप लागली नाही हे चांगल्या शिक्षकाचं लक्षण आहे, आधी ते सांगतो.

ही शीट कुठून आली ते बघूया म्हणजे तिच्यातलं काय ठेवायचं ते कळेल. ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं शिकण्याच्या पायऱ्यांचं वर्गीकरण 1956 चं आहे, ते 2001 मध्ये सुधारलं. आठवणं, समजणं, वापरणं, विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती अशा सहा पायऱ्या. शिक्षकाने पेपर काढताना नुसत्या पाठांतराच्या पायरीवर अडकू नये म्हणून ते फार उपयोगी आहे. आउटकमचा आग्रह आपल्याकडे जोरात आला तो इंजिनिअरिंगमधून. भारत 2014 मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे देशांनी एकमेकांच्या इंजिनिअरिंगच्या पदव्या मानायच्या कराराचा कायम सभासद झाला, एनबीएने, म्हणजे अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेने पदवीधराला काय काय यायला हवं याची 12 कलमं लावली, आणि ते बरोबरच होतं, पूल बांधणाऱ्याला भार काढता येतो की नाही हे तपासता यायलाच हवं. पुढे नॅकने पण दुसऱ्या निकषात, म्हणजे अध्यापन-अध्ययनात, आउटकम गाठले का हे विचारायला सुरुवात केली आणि सगळ्या शाखांना तीच शीट गेली.

आता त्या आकड्यांचं बघा. कॉलेज स्वतःच ठरवतं की समजा 60 टक्के मुलांना अमुक मार्कांच्या वर मिळाले तर लेव्हल 3, थोडे कमी असतील तर 2, त्याखाली 1. मग परीक्षेचे मार्क त्या चौकटींतून फिरवून 2.37 असं काहीतरी येतं. दशांश चिन्हामुळे ते मोजल्यासारखं दिसतं, पण सुरुवातीला जो 2 किंवा 3 भरला तो कॉपी केलेला असेल तर शेवटच्या आकड्याला काहीच आधार नाही. आणि तुमचं वाक्य पास का झालं? कारण ते कधी खोटं ठरूच शकत नाही. जाणिवांचं संवर्धन झालं नाही असं कुठल्या दिवशी, कुठल्या मुलाकडे बघून म्हणणार? मी सगळ्यांना हीच कसोटी सांगतो, वाक्य वाचून विचारा की हे झालं नाही हे मला कसं कळेल. उत्तर नसेल तर ते वाक्य परत लिहायचं.

तुमचंच घेऊ. “मुलाने आधी न वाचलेली कविता हातात दिली तर तिच्यात कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय आणि कुठल्या ओळीला सूर बदलतो हे त्याला स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहिता येईल.” हा पण कोर्स आउटकमच आहे, ब्लूमच्या तक्त्यातल्या विश्लेषणाच्या पायरीत बसतो, आयक्यूएसीला नाही म्हणता येणार नाही. फरक एवढा की आता तुम्हाला परीक्षेत न शिकवलेली कविता द्यावी लागेल, आणि तीसपैकी बारा मुलांनाच जमलं तर ते दिसेल. दिसू दे. पुढच्या वर्षी कवितेचे चार तास वाढवा म्हणायला तोच कागद कामाला येतो. बाकीच्या पेपरांना वेळ नसेल तर निदान एका पेपरला असं करा, आणि ती वाक्यं वर्गात पहिल्या तासाला मुलांना वाचून दाखवा. कोर्स आउटकम मुलांसाठी असतात, पण बऱ्याच ठिकाणी मुलांनी ते कधी बघितलेले नसतात, ते फाईलमध्ये राहतात आणि नॅकची तपासणी असते तेव्हाच बाहेर निघतात.

पैशाचं. शीट भरायला किती तास गेले ते रोजच्या रोज लिहून ठेवा आणि प्राचार्यांना पत्र द्या की हे काम तासिकेबाहेरचं आहे, याचं मानधन मिळावं. मिळेलच असं मी म्हणत नाही, पण लेखी असू दे. सीएचबीच्या माणसाकडून फुकट काम करून घ्यायचं आणि रिपोर्टमध्ये त्याला टीमवर्क म्हणायचं हे चूक आहे, आणि ते चूक आहे असं तिथल्या कायम प्राध्यापकांनी पुढे होऊन बोललं पाहिजे, कारण त्यांची नोकरी जाणार नाही, तुमची जाऊ शकते.

प्रश्न : मी गुहागर तालुक्यात जि.प. शाळेत शिक्षक आहे. अध्ययन निष्पत्ती (म्हणजे लर्निंग आउटकम), निपुण, एफएलएन (म्हणजे पायाभूत वाचन-लेखन आणि अंकज्ञान), नावीन्यपूर्ण उपक्रम, सगळे शब्द एकाच सुरात येतात, त्यामुळे आता सगळ्याचाच कंटाळा आलाय. हे सगळंच टाकाऊ समजायचं का?
– एक गुरुजी

उत्तर : गुरुजी, सगळं एका पारड्यात टाकू नका. निपुण भारत हे पायाभूत वाचन आणि गणिताचं केंद्र सरकारचं अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं, आणि त्याची लक्ष्यं काढून बघा, पहिलीच्या शेवटी मुलाला चार-पाच सोप्या शब्दांचं न वाचलेलं वाक्य वाचता यावं आणि 99 पर्यंत संख्या, दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि 999 पर्यंत, तिसरीत मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचावेत आणि 9999 पर्यंत. हे आकडे थोडे वर-खाली असावेत का यावर वाद घालता येईल, घालावा पण. पण आईला शाळेत बोलवून तिच्यासमोर मुलाला वाचायला लावलं तर तिला पण कळतं की जमतंय की नाही. हे सांभाळा.

आणि नावीन्यपूर्ण उपक्रमाचं, त्यात नवीन काय आणि कुठल्या मुलाला काय यायला लागलं हे विचारल्याशिवाय नुसता फोटो मागवला जातो तेव्हा मुलं फोटोसाठी उभी राहतात आणि तास जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावू नये असं आहे. फोटो अपलोड करणं शैक्षणिक की अशैक्षणिक हे कायद्यात लिहिलेलं नाही, पण केंद्रशाळेच्या बैठकीत तुम्ही चार शिक्षकांनी मिळून एवढं तरी म्हणू शकता की महिन्याला एकदाच एकत्र पाठवतो, रोज नाही.

प्रश्न : नातीला अलिबागजवळच्या एका इंग्रजी शाळेत घालायचं चाललंय. माहितीपत्रकात होलिस्टिक डेव्हलपमेंट, ग्लोबल सिटिझन, फ्युचर रेडी, एक्सपिरिएन्शियल लर्निंग असं सगळं आहे. सुनेला आवडलंय. फी मात्र दरवर्षी वाढते म्हणतात. मी काही बोललो की अण्णा तुम्हाला आताचं शिक्षण कळत नाही असं होतं.
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, सुनेशी शब्दांवरून वाद घालू नका, तिला मुलीसाठी चांगलंच हवंय. दोघंही शाळेत जा, आणि शाळा भरलेली असताना जा, रविवारच्या ओपन डेला नको. एक्सपिरिएन्शियल म्हणतात ना, मग विचारा की मागच्या महिन्यात पहिलीच्या मुलांनी हाताने काय केलं, आणि ते केलेलं बघायला मागा. समुद्र पाच मिनिटांवर आहे, भरती-ओहोटी दाखवायला मुलांना किनाऱ्यावर नेलं का कधी, की तिचा पण व्हिडिओच दाखवला? एका वर्गात किती मुलं, वर्गशिक्षिकेचं डीएड-बीएड झालंय का, आणि गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दर जूनला नवीन बाई आली तर लहान मूल बावरतं, आणि बाई का टिकत नाहीत याचं कारण बरेचदा पगार असतो. लायब्ररी दाखवतील, तर पुस्तक घरी न्यायला मिळतं का ते तिथल्याच एखाद्या मुलाला विचारा.

फीचं तर कायदाच आहे, महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम 2011. शाळेने पालक-शिक्षक संघ करायचा, त्याच्या कार्यकारी समितीपुढे फीचा प्रस्ताव ठेवायचा, समितीने मान्य केलेली फी दोन शैक्षणिक वर्षं चालते आणि ती नोटीस बोर्डावर लावावी लागते. तेव्हा ऍडमिशनच्या आधी मागच्या वेळचा मान्य झालेला फीचा तक्ता बघायला मागा, आणि त्यात नसलेलं ॲक्टिव्हिटी, ॲप, किट, सहल असं काय काय वेगळं घेतात ते लिहून घ्या. सुनेलाच लिहून घ्यायला सांगा, तिचे प्रश्न तुमच्यापेक्षा जास्त नेमके निघतील.